व्हेनिस: पाण्याच्या भरंवशावरचें शहर

कोणतेंहि प्रसिद्ध शहर पाहावयास निघालेल्या प्रवाशाच्या हातांत बहुधा एक यादी असते. अमुक देऊळ, तमुक राजवाडा, एक मनोरा, एक बाजार. यादींतील नांवें एकामागून एक खोडलीं गेलीं म्हणजे शहर पाहून झालें, अशी त्याची समजूत होते. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यांतील व्हेनिस शहराच्या वांट्याला असे प्रवासी फार मोठ्या संख्येनें येतात. सकाळच्या आगगाडीनें यावें, गर्दीच्या लोंढ्याबरोबर सेंट मार्कच्या चौकापर्यंत चालत जावें, घुमट आणि कबुतरें पाहावीं, एक-दोन पूल ओलांडावे आणि संध्याकाळच्या गाडीनें परत फिरावें, असा त्यांचा क्रम असतो. या क्रमांत तेथील उत्तमोत्तम इमारती नजरेखालून जातात हें खरें. परंतु ज्या वस्तूच्या आधारानें त्या इमारती उभ्या राहिल्या आणि जिच्यामुळेंच आज त्या संकटांत आहेत, ती वस्तु केवळ शोभेची म्हणून पाहिली जाते. ती वस्तु म्हणजे पाणी. व्हेनिस पाहावयाचें तर प्रथम तेथील पाणी पाहावयास शिकलें पाहिजे. तें साधलें कीं राजवाडे, पूल, विहिरी, नावा हीं सर्व एकाच कथेचीं पानें होतात.

व्हेनिस हें समुद्रकांठचें शहर नव्हे, नदीकांठचेंहि नव्हे. तें लगूनमध्यें वसलेलें आहे. लगून म्हणजे समुद्र आणि मुख्य भूमि यांच्यामध्यें सांपडलेलें खाऱ्या पाण्याचें उथळ सरोवर. कोंकणांतील खाजणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, भरतीला पाण्याखालीं जाणारी व ओहोटीला उघडी पडणारी चिखलट जमीन ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या प्रदेशाची कल्पना सहज करतां येईल. व्हेनिसचें लगून सुमारें ५५० चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. लिडो आणि पेल्लेस्त्रीना या वाळूच्या लांबट पट्ट्या त्याला आड्रियाटिक समुद्रापासून अलग ठेवतात, आणि लिडो, मालामोक्को व किओज्जा या तीन मुखांतून दिवसास दोन वेळां समुद्राचें पाणी आंत येतें व बाहेर जातें. या उथळ पाण्यांत गाळाचीं शंभरांहून अधिक लहान बेटें होतीं. त्यांवर आजचें शहर उभें आहे. तेथील कालवे बहुतांशीं खणून काढलेले नाहींत. बेटांमधील मूळच्या जलमार्गांनाच कांठ बांधून त्यांना कालव्याचें रूप दिलेलें आहे. त्यांवर ४०० हून अधिक पूल आहेत.

अशा ठिकाणीं सुखासुखीं कोणी घर बांधणार नाहीं. रोमन साम्राज्य ढासळूं लागलें, तेव्हां मुख्य भूमीवरील लोक प्रथम हूणांच्या आणि पुढें लोंबार्डांच्या स्वाऱ्यांना भिऊन या चिखलांत आश्रयास आले. शहराची स्थापना इ. स. ४२१ च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस झाली, अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती तारीख मानीत नाहींत, परंतु आश्रयार्थी लोकांची हकीकत खरी धरतात. घोडेस्वारांना पाणी अडवी आणि मोठ्या गलबतांना चिखल अडवी. आंतील वाटा ज्याला ठाऊक, त्यालाच आंत शिरतां येत असे. म्हणून इतर जुन्या नगरांप्रमाणें व्हेनिसला भोंवतीं तटबंदी उभारण्याची गरज पडली नाहीं. लगून हाच त्याचा तट. या तटाच्या आड सरदार-व्यापाऱ्यांचें एक गणराज्य सुमारें अकराशें वर्षें नांदलें. त्याच्या निवडलेल्या प्रमुखास 'डोज' म्हणत. १७९७ च्या मे महिन्यांत नेपोलियनच्या सैन्यापुढें त्या राज्यानें स्वतःचें विसर्जन केलें, आणि १८६६ मध्यें व्हेनिस इटलीच्या राज्यांत सामील झालें.

१८४६ सालीं लगूनवरून आगगाडीचा पूल झाला, तोंपर्यंत व्हेनिसला जावयाचें तें नावेनेंच. आजचा प्रवासी स्टेशनाच्या पायऱ्या उतरतो आणि समोर पाहतो तों रस्ता नाहीं. पायऱ्यांच्या शेवटीं मोठा कालवा वाहत आहे. येथून पुढें मोटार नाहीं, टांगा नाहीं, सायकलसुद्धां नाहीं. रोग्याला इस्पितळांत नेणारी गाडी ही नाव, आगीचा बंब ही नाव, भाजीपाला आणणारी आणि केरकचरा नेणारीहि नावच. माणसाची अखेरची यात्रासुद्धां नावेंतूनच होते, कारण शहराची दफनभूमि सान मिकेले या वेगळ्या बेटावर आहे.

मोठा कालवा सुमारें ३.८ किलोमीटर लांबीचा असून उलट्या इंग्रजी 'एस' अक्षरासारखा शहरांतून वळत जातो. त्यावर फक्त चार पूल आहेत. प्रवाशानें पहिलें काम हें करावें कीं, 'वापोरेत्तो' नांवाच्या उतारूंच्या नावेंत बसून या कालव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावें. वापोरेत्तो म्हणजे लहान आगबोट. १८८१ पासून या नावा चालू आहेत. आतां वाफेचीं यंत्रें गेलीं, नांव मात्र राहिलें. दोन्ही बाजूंचे राजवाडे पाहतां पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांच्या सर्व सुंदर कमानी, खिडक्या आणि सज्जे पाण्याकडे तोंड करून आहेत. गल्लीकडील बाजू साधी असते, कारण ती घराची मागची बाजू. तळमजल्याचें रुंद दार थेट पाण्यांत उघडतें. तेथें माल उतरे, तळमजल्यावर वखार असे, आणि वरच्या मजल्यावर धन्याचें बिऱ्हाड. पेढी, गोदाम आणि घर एकाच छपराखालीं असलेल्या व्यापाऱ्यांचें हें शहर होतें.

आतां प्रश्न असा कीं, एवढे दगडविटांचे इमले चिखलांत उभे कसे राहिले? याचें उत्तर डोळ्यांना दिसत नाहीं, कारण तें जमिनीच्या पोटांत आहे. ओक, लार्च वगैरे झाडांचे सोट टोंकदार करून ते अगदीं दाट रोंवीत मऊ गाळांत ठोकीत. त्यांच्या योगानें गाळ दाबला जाऊन घट्ट होई, आणि कांहीं ठिकाणीं खुंटांचीं टोंकें खालच्या कठीण मातीच्या थरापर्यंत पोंचत. खुंटांच्या माथ्यावर जाड फळ्या, फळ्यांवर इस्त्रिया प्रांतांतील पांढऱ्या, घट्ट दगडाचा पाया, आणि त्यावर विटांच्या भिंती, असा बांधणीचा क्रम असे. लांकूड पाण्यांत कुजतें, ही सर्वसाधारण समजूत. परंतु लांकूड झपाट्यानें कुजविणाऱ्या बुरशीला हवा लागते, आणि चिखलांत पूर्ण बुडालेल्या खुंटापर्यंत हवा जवळजवळ पोंचतच नाहीं. म्हणून शेंकडो वर्षांचे खुंट आजहि भार वाहत आहेत. मोठ्या कालव्याच्या मुखाशीं सांता मारिया देल्ला सालूते नांवाचें घुमटाचें भव्य देऊळ आहे. १६३० च्या महामारींत शहराची सुमारें एक तृतीयांश वस्ती मृत्युमुखीं पडली, त्या वेळच्या नवसाचें हें देऊळ. बाल्दास्सारे लोंगेना या शिल्पज्ञानें त्याची योजना केली. त्याच्या पायांत दहा लाखांहून अधिक खुंट ठोकलेले आहेत, असें सांगतात. देवळाकडे पाहणारा घुमटाकडे मान उंचावतो. परंतु एक अख्खें रान त्याच्या पायांखालीं उलटें उभें आहे, ही गोष्ट त्यानें विसरूं नये.

या पांढऱ्या दगडाच्या पट्ट्याकडे प्रवाशानें मुद्दाम निरखून पाहावें, कारण शहराच्या प्रकृतीची नाडी तेथें लागते. हा दगड पाणी शोषून घेत नाहीं. वीट मात्र शोषते. म्हणून भरतीच्या रेषेच्या वर दगड आणि त्यावर वीट, असा जुन्या गवंड्यांचा हिशेब होता. पुष्कळ ठिकाणीं आतां हा हिशेब चुकलेला दिसतो. पाणी दगड ओलांडून विटांना लागतें. खारें पाणी विटांत चढतें, आंत मीठ धरतें आणि वीट भुगा होऊन गळूं लागते. भरतीची नेहमींची मर्यादा भिंतीवरील हिरव्या शेवाळाच्या रेघेवरून कळते. अठराव्या शतकांतील कानालेत्तो या चित्रकारानें शहराचीं दृश्यें इतक्या बारकाईनें रंगविलीं कीं, ही शेवाळाची रेघसुद्धां त्यानें सोडली नाहीं. शास्त्रज्ञांनीं त्या चित्रांतील रेघ आजच्या भिंतींवरील रेघेशीं ताडून पाहिली, तेव्हां मधल्या काळांत पाण्याच्या मानानें शहर सुमारें ६० सेंटिमीटर खालीं गेल्याचें त्यांना आढळलें. करमणुकीसाठीं विकत घेतलेलें चित्र असें दस्तऐवज म्हणून उपयोगी पडलें.

मोठ्या कालव्याच्या मध्यावर रिआल्तोचा पूल लागतो. हा दगडी पूल १५८८ ते १५९१ या वर्षांत बांधला गेला. त्याचा शिल्पज्ञ आंतोनियो दा पोंते. खालून मोठ्या नावा जाव्यात म्हणून सुमारें २८ मीटरांच्या एकाच कमानीनें कालवा ओलांडला आहे, आणि वर दुकानांच्या रांगा आहेत. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकांत ज्या रिआल्तोवरच्या बातम्यांचा उल्लेख येतो, तें हेंच ठिकाण. येथेंच एका काळीं अर्ध्या युरोपच्या मसाल्याचे भाव ठरत. मलबारचीं मिरीं तांबड्या समुद्रावाटे अलेक्झांड्रियास जात आणि तेथून व्हेनिसच्या गलबतांत चढत. या व्यापाराची एक खूण महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून अद्यापि सांपडते. १२८४ पासून व्हेनिसनें पाडलेलें शुद्ध सोन्याचें डुकाट हें नाणें मसाल्याच्या मोबदल्यांत हिंदुस्थानांत येत असे. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेल्या डोजची आकृति असे. या आकृतींवरून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणूं लागले, आणि तशीं नाणीं व पुढें सोनारांनीं केलेल्या त्यांच्या प्रतिकृति ओंवून पुतळ्यांची माळ झाली. १४९८ मध्यें वास्को द गामा कालिकतला पोंचला, आणि मिऱ्यांच्या व्यापाराला दुसरी वाट फुटली. ती वाट व्हेनिसच्या दारावरून जात नव्हती.

रिआल्तोच्या मासळीबाजारांत एक संगमरवरी पाटी भिंतींत बसविलेली आहे. तिच्यावर निरनिराळ्या माशांचीं नांवें आणि त्यांची कमींत कमी लांबी कोरलेली आहे. त्याहून आंखूड मासा विकण्यास मनाई होती. उद्यां मासळी हवी असेल तर आज पिलांना हात लावूं नये, एवढाच तिचा अर्थ. राजवाड्यांच्या मानानें ही वस्तु क्षुल्लक. परंतु पाण्याच्या आधारानें जगणाऱ्यांनीं स्वतःला घालून घेतलेली मर्यादा तींत स्पष्ट वाचतां येते.

येथून चिंचोळ्या गल्ल्यांतून सेंट मार्कच्या चौकांत जावें. शहरांत चौक पुष्कळ, पण 'पियाझ्झा' हें नांव या एकट्यालाच आहे. ८२८ सालीं व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनीं संत मार्कच्या अस्थि अलेक्झांड्रियाहून आणल्या, आणि त्यांसाठीं देऊळ उभारलें. आजच्या देवळाचें काम १०६३ मध्यें सुरू झालें. सोनेरी काचेच्या तुकड्यांनीं मढविलेलीं त्याचीं छतें पाहतांना पायांखालच्या फरशीकडेहि लक्ष द्यावें. खालची जमीन जागोजाग खचल्यामुळें संगमरवरी फरशी लाटांसारखी वरखालीं झालेली आहे. दर्शनी सज्जावरील चार घोडे हे मूळच्या घोड्यांच्या प्रतिकृति होत. मूळचे घोडे देवळांतील संग्रहालयांत आहेत. १२०४ मध्यें व्हेनिसकरांनीं धर्मयुद्धाच्या नांवाखालीं काँस्टँटिनोपल हें ख्रिस्ती शहरच लुटलें, त्या लुटींतले ते घोडे. १७९७ मध्यें नेपोलियननें ते पॅरिसला नेले आणि १८१५ मध्यें ते परत आले. लुटीच्या मालाचीहि लूट होते, हा धडा त्या घोड्यांनीं शहराला दिला.

समोरचा सुमारें ९९ मीटर उंचीचा घंटामनोरा जुना दिसतो, पण जुना नाहीं. मूळचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजीं कोसळून विटांचा ढीग झाला. सुदैवानें एकहि माणूस दगावला नाहीं. लोकांनीं तो त्याच जागीं, त्याच आकाराचा पुन्हां उभारण्याचें ठरविलें आणि १९१२ मध्यें काम पुरें केलें. मनोऱ्यावर चढून पाहिलें असतां तांबड्या कौलांची दाट वस्ती दिसते, भोंवतीं लगूनचा पसारा दिसतो, पण आंतील कालवे जवळजवळ दिसतच नाहींत. घरें इतकीं खेटून उभीं आहेत. जवळच डोजचा राजवाडा, आणि त्याला कैदखान्याशीं जोडणारा उसाशांचा पूल. हा चौक शहरांतील अत्यंत सखल जागांपैकीं असल्यामुळें भरती वाढली कीं पाणी प्रथम येथें येतें. तें कांठावरून जितकें येतें, तितकेंच फरशीखालील गटारांतून उलटें वर उसळतें.

यानंतर यादी खिशांत घालावी आणि गर्दी सोडून कोणत्याहि लहान चौकांत जावें. अशा चौकाला 'काम्पो' म्हणतात. काम्पो म्हणजे शेत. पूर्वीं तेथें खरोखरच गवत असे. काम्पोच्या मध्यभागीं कोरीव दगडी कठड्याची विहीर दिसेल. भोंवतीं खारें पाणी, खालीं खारा चिखल. मग ही विहीर कसली? ती झऱ्याची विहीरच नव्हे. चौक खोल खणून त्याला आंतून चिकणमातीचा लेप देत, म्हणजे खारें पाणी आंत झिरपत नसे. मग तो खड्डा वाळूनें भरीत आणि मध्यें विटांची नळकांडी बांधीत. चौकाची फरशी उतरती ठेवून पावसाचें पाणी भोंकें पाडलेल्या दगडांतून वाळूंत सोडीत. तें गाळून निघून नळकांडींत सांचे. म्हणजे संपूर्ण चौक हीच विहीर, आणि वर दिसतो तो तिचा केवळ कंठ. अशा हजारों विहिरींवर शहरानें शतकानुशतकें तहान भागविली. पाऊस कमी पडे तेव्हां ब्रेंता नदीचें गोडें पाणी नावांतून आणीत. १८८४ मध्यें मुख्य भूमीवरून नळ आला आणि विहिरींचीं तोंडें बंद झालीं.

गोंदोला नांवाची काळी नाव प्रवाशांना फार प्रिय आहे. तिच्यांत बसण्यापूर्वीं ती समोरून पाहावी. ती सरळ नाहीं. तिची डावी बाजू उजवीपेक्षां सुमारें २४ सेंटिमीटर अधिक रुंद आहे. नावाडी मागच्या टोंकास उभा राहून एकाच वल्ह्यानें उजव्या बाजूस वल्हवितो. नाव दोन्ही बाजूंनीं सारखी असती तर ती गोल गोल फिरली असती. म्हणून कारागिरांनीं तिलाच वांकडी घडविली, आणि ती वांकडी असल्यामुळेंच सरळ चालते. सुमारें ११ मीटरांच्या या नावेला आठ जातींचीं लांकडें आणि २८० तुकडे लागतात. गोंदोलाच्या फेरीचें भाडें भारी असतें; परंतु मोठा कालवा ओलांडण्यासाठीं 'त्रागेत्तो' नांवाची नाव ठराविक ठिकाणीं थोडक्या पैशांत मिळते. तींत बरेचसे लोक उभ्यानेंच पलीकडे जातात.

हें सर्व जुन्या लोकांच्या कौशल्याचें झालें. परंतु कौशल्याहूनहि अधिक महत्त्वाची त्यांची जागरूकता होती. लगून हें निसर्गतः टिकणारें पाणी नव्हे. नद्यांनीं गाळ आणला तर तें बुजून शेत होतें. समुद्रानें वाळूच्या पट्ट्या फोडल्या तर तें उपसागर होतें. व्हेनिसला या दोहोंपैकीं कोणतेंहि परवडणारें नव्हतें. म्हणून १५०१ मध्यें पाण्याच्या कारभारासाठीं खास अधिकारी नेमले गेले. ब्रेंता, सीले, पियावे या नद्यांचे प्रवाह शतकांच्या श्रमानें लगूनबाहेर वळविले, आणि अठराव्या शतकांत समुद्राच्या बाजूस प्रचंड दगडी बांध घातले. दर वर्षीं डोज थाटाच्या नौकेंतून लिडोच्या मुखाशीं जाऊन समुद्रांत आंगठी टाकी आणि शहराचें समुद्राशीं लग्न लावी. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या कोळ्यांना या विधीचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्याच्यावर पोट अवलंबून, त्याला प्रसन्न ठेवावयाचें आणि त्याच्यापासून सावधहि राहावयाचें.

विसाव्या शतकांत ही सावधगिरी ढिली पडली. मुख्य भूमीच्या कांठावर मार्गेरा येथें कारखाने उभे राहिले आणि त्यांसाठीं जमिनींतील पाणी बेसुमार उपसलें गेलें. त्यामुळें जमीन खचली. १९७० नंतर उपसा थांबविला, पण खचलेली जमीन वर आली नाहीं. मोठ्या जहाजांसाठीं लगूनमध्यें खोल वाटा खणल्या. तिकडे समुद्राची पातळीहि वाढत होती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं वादळी वाऱ्यानें आड्रियाटिकचें पाणी उत्तरेस रेटलें आणि ओहोटी होऊंच दिली नाहीं. जुने बांध फुटले, आणि १८९७ सालीं ठरविलेल्या शून्य पातळीपासून पाणी १९४ सेंटिमीटर चढलें. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं तें पुन्हां १८७ सेंटिमीटरांवर गेलें.

यावर उपाय म्हणून लगूनच्या तीन मुखांशीं ७८ पोलादी दरवाजे समुद्रतळावर बसविले आहेत. एऱ्हवीं ते पोटांत पाणी भरून तळाशीं पडून असतात. मोठी भरती येणार असें दिसलें कीं आंत हवा दाबून भरतात, पाणी बाहेर जातें आणि दरवाजे बिजागरीवर फिरून उभे राहतात. या कामाला २००३ मध्यें आरंभ झाला, खर्च अब्जावधि युरोंचा झाला, मध्यंतरी लांचलुचपतीचें मोठें प्रकरणहि उघडकीस आलें. तरी ३ ऑक्टोबर २०२० रोजीं ते प्रथम भरतीपुढें उभे राहिले आणि शहर कोरडें राहिलें. पण येथें एक पेंच आहे. याच भरती-ओहोटीनें कालव्यांतील घाण दिवसांतून दोनदां धुतली जाते. दरवाजे वर्षांतून कांहीं वेळांच बंद करावे लागले तर ठीक. समुद्र वाढत गेला आणि ते वारंवार बंद ठेवावे लागले, तर लगूनचा श्वास कोंडेल. उपाय मिळाला आहे, पण त्यानें थोडा वेळ विकत घेतला आहे, एवढेंच.

आणि पाण्याची भरती अडविणारे दरवाजे माणसांच्या ओहोटीला अडवूं शकत नाहींत. १९५१ मध्यें जुन्या शहरांत सुमारें पावणेदोन लाख लोक राहत होते. आतां ते पन्नास हजारांहूनहि कमी उरले आहेत. रिआल्तोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकींत २००८ पासून हा आंकडा दिव्यांच्या अक्षरांत दाखविला जातो, आणि तो उतरत चालला आहे. प्रवाशांना जागा देण्यांत घरमालकाला अधिक पैसा मिळतो. कुटुंबाला घर मिळेनासें होतें. कुटुंब गेलें कीं वाण्याचें दुकान जाऊन तेथें मुखवट्यांचें दुकान येतें. मग उरलेल्यालाहि राहणें अवघड होतें. २०२३ मध्यें तर प्रवाशांसाठीं मांडलेल्या खाटा रहिवाशांच्या संख्येहून अधिक झाल्याचें मोजणींत आढळलें. २०२१ मध्यें प्रचंड प्रवासी जहाजांना चौकासमोरून जाण्यास बंदी झाली, आणि २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशीं एका दिवसासाठीं येणाऱ्यांकडून प्रवेशाचा कर घेण्यास सुरुवात झाली. हे उपाय योग्यच; पण रहिवासी परत आणण्याचें बळ त्यांत नाहीं.

खुंटांना पाणी सोंवळें ठेवतें, पण पुलांना, विहिरींना, दरवाज्यांना माणसेंच सांभाळतात. भिंतीचा कोणता भाग यंदा अधिक ओला झाला, कोणत्या कालव्यांत गाळ सांचला, हें कळावयास तेथें रोज उठणारा माणूस लागतो. त्यामुळें शहर पाहण्याची रीत हा केवळ प्रवाशाच्या आवडीचा प्रश्न राहत नाहीं. शक्य तर एका दिवसाची धांवपळ टाकून दोन-तीन रात्रीं मुक्काम करावा. सकाळीं लवकर कास्तेल्लो किंवा कान्नारेज्जो या भागांतील गल्ल्यांतून हिंडावें. तेथें शाळेंत जाणारीं मुलें, दोरीवर वाळणारे कपडे, भाजीची नाव अद्यापि दृष्टीस पडतात. अरुंद गल्लींत उजव्या बाजूनें चालावें, पुलाच्या पायऱ्यांवर बसून वाट अडवूं नये, आणि खरेदी करावयाची तर शेजारपाजारचे लोक जेथें करतात तेथें करावी. मासळीबाजारांतली ती पाटी माशांपुरतीच लिहिलेली आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. जें पुन्हां पुन्हां पाहावयास मिळावें अशी इच्छा आहे, तें एकदांच ओरबाडून घेऊं नये, हें प्रवाशालाहि लागू आहे.